नवस कुणाचा, बोजा कुणावर

नेरेईदाला वाटलं होतं, आज नुसत्या सह्या करायच्या. म्हणून तिने केस सेट करून घेतले होते, कानात मोती घातले होते आणि ऑफिसातल्या मंडळींसाठी पेरूच्या जॅमच्या पेस्ट्रीचा खोका नेला होता. हायालियात, समुद्र ओलांडून आलेल्या आपल्या लोकांच्या या गावात, कुठल्याही कामाला रिकाम्या हाताने जाणारा माणूस एकतर भांडायला आलेला असतो नाहीतर नवखा असतो. नेरेईदा यातली कुणीच नव्हती. तिला फक्त घर विकायचं होतं.

खरेदीखताचं काम बघणाऱ्या इलेआनाने पेस्ट्री घेतली, एक घास खाल्ला, मग बोटं पुसून म्हणाली, "सेन्योरा, तुमच्या घरावर बोजा आहे."

"कर्ज म्हणतेस? अगं, ते माझा नवरा आर्सेनियो हयात होता तेव्हाच फिटलं. त्या दिवशी अख्खं डुक्कर भाजलं होतं आम्ही, सगळी सोसायटी जेवून गेली."

"बँकेचा नाही. सोसायटीचाच. घरासमोरच्या सामाईक पट्ट्यात तुम्ही काहीतरी बांधलंय. त्याबद्दल दंड लागला, तो भरला नाही, म्हणून सोसायटीने घरावर बोजा चढवला. सरकारदरबारी रीतसर नोंदलाय."

"मी काय बांधणार? मला भिंतीत खिळा ठोकता येत नाही." एवढं बोलून नेरेईदा थांबली. "सान लासारो," ती म्हणाली. "दारातला त्या संताचा देव्हारा."

इलेआनाने मान हलवली. असले घोळ तिला रोजचे होते. दंडाची रक्कम विक्रीच्या पैशातून वळती करता येईल, तिने समजावलं, त्याची काळजी नको. पण बांधकाम निघाल्याशिवाय आणि सोसायटीच्या अध्यक्षांची सही आल्याशिवाय बोजा उतरत नाही. आणि बोजा उतरल्याशिवाय घर कुणाच्या नावावर होत नाही. घेणाऱ्या जोडप्याला बँकेने शुक्रवारपर्यंतची मुदत दिलेली. शुक्रवार टळला तर ते दुसरं घर घेऊन मोकळे होतील, त्यांनी बघूनही ठेवलंय.

"अध्यक्षांचीच सही ना?" नेरेईदाला हसू आलं. "घाबरवलंस की मला. अध्यक्षा माझी कोमाद्रे आहे."

इलेआना मात्र हसली नाही. "मग लवकर आणा," एवढंच म्हणाली.

शुक्रवार टळून चालणारच नव्हतं. मागच्या वर्षी नेरेईदा बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि सकाळपासून दुपारपर्यंत थंडगार फरशीवर पडून राहिली. हाका मारून घसा बसला. तेव्हापासून तिला आंघोळीचीच भीती बसली होती. टॅम्पाला असलेल्या लेकीने, ओदालिसने, आपल्या घरामागे आईसाठी दोन खोल्या काढल्या. बांधकामवाल्याला शब्द दिला होता की मामीचं, म्हणजे आईचं, घर विकलं की उरलेले पैसे देते. बाथरूममध्ये धरायला दांडेसुद्धा बसवून झाले होते. आता फक्त मामी यायची होती.

त्या दुपारी नेरेईदाला फरशीवरून कुणी उचललं, तर या कोमाद्रेने, मिग्दालियानेच. कॉफीला आली नाही म्हणून शोधत आली. दोघी मायदेशातल्या प्लासेतास गावच्या, एकाच गल्लीतल्या. एकाच बोटीतून समुद्र ओलांडून आल्या, एकाच कारखान्यात ब्लाउजांना बाह्या लावल्या. ओदालिसच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातात धरून उभी राहिली ती मिग्दालिया. म्हणजे पोरीची माद्रिना, धर्माची आई, आणि आईची कोमाद्रे. हे नातं आपल्याकडे बहिणीपेक्षा वरचं धरतात, कारण बहीण देव देतो आणि कोमाद्रे आपण निवडतो.

सान लासारोची गोष्टही मिग्दालियाचीच. अकरा वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा राइदेल नशेच्या नादी लागला. मिग्दालियाने सोसायटीत सांगितलं, पोरगा शिकायला टेक्सासला गेलाय. पोरगा होता तासाभरावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात. दर रविवारी नेरेईदा गाडी चालवायची आणि मिग्दालिया शेजारच्या सीटवर बसून रडायची. अशाच एका रविवारी ती नवस बोलली: पोरगा उभा राहिला तर सान लासारोला उघड्यावर घर बांधीन, येणाऱ्याजाणाऱ्याला आणि गल्लीतल्या कुत्र्यांना दर्शन होईल असं. पोरगा उभा राहिला. आता तो खरोखरच टेक्सासला आहे, ट्रक चालवतो, त्याला एक मुलगी आहे. तेवढं एक खोटं देवाने खरं करून दिलं.

पण मिग्दालियाचं घर आतल्या बाजूचं, समोर पार्किंगची भिंत. शिवाय तिच्या दारात बांधलं तर लोक विचारणार, नवस कशाचा? म्हणून तिने नेरेईदाला गळ घातली. नेरेईदाचं घर कोपऱ्यावर, गेटाजवळ. आर्सेनियो फरशीकाम करायचा. त्याने विटा रचल्या, निळ्या टाइल्स लावल्या, काचेचं दार केलं. आत कुबड्या टेकलेला, अंगभर जखमांचा सान लासारो, पायाशी त्याची दोन कुत्री, खांद्यावर मिग्दालियाने शिवलेलं जांभळं वस्त्र. लोक जातायेता नाणं टाकायचे, सिगार ठेवायचे. कुणाचा नवस हे कुणी विचारलं नाही. नेरेईदाच्या दारात आहे म्हणजे नेरेईदाचा असेल.

पुढे मिग्दालिया अध्यक्षा झाली आणि सोसायटीला शिस्त लागली. सामाईक पट्ट्यात काहीही ठेवायचं नाही असा नियम आला. कुणाच्या कुंड्या गेल्या, कुणाच्या खुर्च्या गेल्या, सोराइदाची कारिदाद मातेची मूर्ती गेली. नेरेईदाला मॅनेजमेंट कंपनीची इंग्रजी पत्रं येऊ लागली. ती पत्रं ती न फोडता मिग्दालियाकडे घेऊन जायची, जशी आपण सगळेच नेतो. चार बुकं जास्त शिकलेलं माणूस शेजारी असताना डिक्शनरी कोण उघडतं? मिग्दालिया चष्मा लावून वाचायची आणि म्हणायची, "काही नाही गं, सगळ्यांनाच येतात. टाक फेकून. मी बघते." नेरेईदा फेकून द्यायची.

त्या सोमवारी ती ऑफिसातून थेट मिग्दालियाच्या स्वयंपाकघरात गेली. मिग्दालिया कॉफीच्या पहिल्या थेंबांत साखर घोटत होती. साखर पांढरी होईपर्यंत तिचा हात थांबत नसे आणि तोवर तिच्याशी महत्त्वाचं बोलण्यात अर्थ नसे.

"तुला माहीत होतं?" कप हातात आल्यावर नेरेईदाने विचारलं. "बोज्याचं?"

"अगं, कंपनीवाले यादी आणतात, एवढी लांबलचक. कुणाकुणाचं लक्षात ठेवणार मी? आणि तू अशी तडकाफडकी घर विकशील हे मला कुठे माहीत होतं?"

"तडकाफडकी कुठे? बाथरूममधून तूच उचललंस ना मला?"

"म्हणून काय टॅम्पाला जायचं? तिथे धड कॉफी तरी मिळते का?"

"कोमाद्रे, विषय बदलू नकोस. सान लासारोला हलवायला लागणार आहे. तूच हलव. तुझ्या घरात घे, मागच्या खोलीत ठेव."

"हो, हो."

"नुसतं हो हो करू नकोस. माझी आई काय सांगायची आठवतंय ना? ज्याने नवस केला त्यानेच संताला उठवायचं. दुसऱ्या कुणी हात लावला तर दिलेलं परत जातं. माझ्या हातून राइदेलचं काही वाईट झालं तर मी कुठे तोंड दाखवू? त्याची लंगोटी बदललीय मी."

मिग्दालियाने तिचा हात हातात घेतला. "बुधवारी मिटिंग आहे. ये तू. रीतसर अर्ज कर, कंपनीचा माणूस असतोच. मी बघते."

मी बघते. चाळीस वर्षांत हे ऐकलं की नेरेईदा निवांत झोपायची. त्या रात्रीही झोपली.

मिटिंग पोहण्याच्या तलावाशेजारच्या हॉलमध्ये असायची. तिथला एसी माणसं टिकाऊ राहावीत म्हणून लावल्यासारखा होता, बायका शाली घेऊन यायच्या. नेरेईदा आयुष्यात कधी मिटिंगला गेली नव्हती. मिग्दालिया आहे ना तिथे, असं म्हणायची. तिला बघून डोमिनोच्या सोंगट्यांच्या टेबलावरचा म्हातारा एउसेबियो म्हणाला, "अरे वा, घर विकायला निघाल्यावर सोसायटीची आठवण झाली वाटतं." नेरेईदा म्हणाली, "तुझी आठवण कमी व्हावी म्हणून तर चाललेय."

मग तिचा विषय आला. कंपनीचा माणूस लेस्मेस, टायवाला, पोरगेलासा पण चेहऱ्याने म्हातारा, उभा राहिला. नियम, दंड, बोजा, सगळं सांगून झालं. बांधकाम काढा, आम्ही फोटो काढतो, अध्यक्षा सही करतील, विषय संपला.

"काढायचंच आहे," नेरेईदा म्हणाली. "फक्त ज्याचं आहे त्याने काढावं एवढीच माझी विनंती आहे." आणि तिने मिग्दालियाकडे बघितलं.

तिला वाटलं होतं, एवढं पुरे. मिग्दालिया म्हणेल, मी बघते, संताला मीच हलवते. कारण सांगायची गरजच नव्हती.

पण सोराइदा तिथे होती. तिच्या कारिदाद मातेला उठवून तीन वर्षं झाली तरी तिचं तोंड अजून कडू होतं. "ज्याचं आहे म्हणजे?" ती उठून उभी राहिली. "तुझं नाही का ते? माझी माता दोन दिवसांत उचलायला लावली होती यांनी. आणि हा एवढा विटांचा संत इतकी वर्षं गेटावर बसलाय. कुणाच्या वशिल्याने? कुणाचा आहे तो?"

"आर्सेनियोने बांधला," एउसेबियो म्हणाला. "सिमेंट मी कालवलं होतं."

"बांधला कुणी ते नाही विचारत. नवस कुणाचा?"

नेरेईदा मिग्दालियाकडेच बघत होती. मिग्दालियाने समोरचे कागद उचलले, टेबलावर आपटून नीट केले आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं.

"नेरेईदाच्या दारात आहे, म्हणजे नेरेईदाचाच," ती म्हणाली. "माझा काय संबंध? ती माझी कोमाद्रे आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण या खुर्चीत बसल्यावर मला नाती बघता येत नाहीत. बोज्याचा ठराव आला तेव्हा पहिला हात मी वर केला होता. विचारा यांना. किती जड गेलं माझं मला माहीत."

लेस्मेसने होकारार्थी मान हलवली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग आणखी दोघातिघांनी. सोराइदासुद्धा खाली बसली. असा प्रामाणिक माणूस सोसायटीला मिळाला म्हणून सगळ्यांना बरं वाटत होतं.

नेरेईदाला आधी काही समजलंच नाही. टाळ्या कशाच्या चालल्या आहेत असं तिला वाटलं. मग एकेक शब्द पोहोचत गेला. पहिला हात. म्हणजे कंपनीची लांबलचक यादी वगैरे काही नव्हतं. ती पत्रं वाचून, "टाक फेकून" असं सांगून, पुढच्या बैठकीत जाऊन या बाईने हात वर केला होता. आणि त्यानंतर घरी येऊन तिच्यासाठी साखर घोटली होती. नेरेईदाला इतका राग आला की कान तापले, आणि त्या रागाच्याही खाली इतकं वाईट वाटलं की राग धरून ठेवता येईना.

"मग बोल की," सोराइदा आता जरा मऊ आवाजात म्हणाली. "कशाचा नवस होता? आर्सेनियोसाठी होता का?"

सगळे वळून बघायला लागले. मिग्दालियाही बघत होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. एक नाव घेतलं की झालं असतं. राइदेल. ते केंद्र, ते रविवार, टेक्सासची थाप, सगळं एका वाक्यात बाहेर आलं असतं, आणि खुर्चीतल्या बाईची खुर्ची तिथेच मोडली असती. नाव नेरेईदाच्या जिभेवर आलं होतं. पण त्या नावाबरोबर तो तिला मावशी मानणारा पोरगाही आला, केंद्राच्या दारात उभा राहून, "तिया नेरेईदा, कुणाला सांगू नकोस हं," म्हणणारा. तिने त्याला हो म्हटलं होतं.

"गुडघ्यांसाठी," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांसाठी केला होता."

हॉल हसला. "सान लासारोने फार मनावर घेतलेलं दिसत नाही," एउसेबियो म्हणाला आणि आणखी हशा पिकला. नेरेईदा शाल सावरून निघाली. दारापर्यंत जाताना तिचे गुडघे खरंच दुखत होते, ते बघून कुणीतरी आणखी हसलं.

गुरुवारी सकाळी एउसेबियो छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःहून आला. काल आपण जरा जास्त बोललो, असं त्याला वाटलं असावं, पण ते त्याने बोलून दाखवलं नाही. "सिमेंट मी कालवलं होतं, फोडायलाही मीच लागणार," म्हणाला. नेरेईदाने त्याला थांबवलं. आधी संताला बाहेर काढायला हवं होतं.

तिने काचेचं दार उघडलं. आर्सेनियोच्या हातच्या टाइल्स अजून हलल्या नव्हत्या. किती वेळ ती नुसतीच उभी राहिली. मिग्दालिया येईल अशी वेडी आशा तिला अजून होती. आत्ता येईल, धावत येईल, म्हणेल, थांब, तू हात लावू नकोस, माझा पोरगा आहे. रस्ता रिकामाच राहिला. मग नेरेईदाने दोन्ही हात पुढे केले आणि हलक्या आवाजात सान लासारोला सांगितलं, "बाबा, नवस तिचा आणि हात माझे, हे तुला ठाऊक आहे. जे काय परत घ्यायचं असेल ते माझ्याकडून घे. पोराच्या वाट्याला जाऊ नकोस." आणि तिने त्याला उचललं. तो जड होता, तिच्या अंदाजापेक्षा पुष्कळच जड. तिने त्याला छातीशी धरून घरात नेलं, चादरीत गुंडाळलं आणि टॅम्पाला जाणाऱ्या सामानात ठेवलं.

बाहेर हातोड्याचे आवाज सुरू झाले. दर घावाला ती दचकत होती. दुपारी लेस्मेस आला, मोकळ्या जागेचे फोटो काढले आणि छान म्हणाला.

संध्याकाळी मिग्दालिया आली. एका हातात सही केलेला, शिक्का मारलेला कागद, दुसऱ्या हातात कॉफीचा थर्मास. बेल न वाजवता आत येणारी बाई आज दारात उभी राहिली.

"घे. उतरला बोजा. उद्या जा आणि दे इलेआनाला." तिने घरातल्या खोक्यांवरून नजर फिरवली. "संत कुठे आहे?"

"माझ्या सामानात."

"म्हणजे? तू घेऊन चाललीस त्याला?"

"माझा आहे ना तो. भर सभेत सांगितलंस की तू."

मिग्दालिया थर्मास दाराजवळच्या कट्ट्यावर ठेवून घाईघाईने बोलायला लागली. "नेरेईदा, ऐक. सोराइदा मागे लागली असती. कशाचा नवस, कशाचा नवस. राइदेलच्या पोरीला अजून काही माहीत नाही, त्याच्या मालकालाही माहीत नाही. मी काय करणार होते? आणि मला खात्री होती. मी तिथे बसले होते ना, तेव्हाही मला शंभर टक्के खात्री होती की तू त्याचं नाव घेणार नाहीस. दुसरं कुणी असतं तर माझी हिंमतच झाली नसती."

कालपासून नेरेईदा स्वतःला समजावत होती की बाई घाबरली असेल, तोंडातून निघून गेलं असेल. पण ती नुसती घाबरली नव्हती. तिने हिशेब केला होता, आणि हिशेबात धरलं होतं नेरेईदाचं प्रेम.

"मला आधी विचारायचंस," नेरेईदा म्हणाली. "सोमवारी, तुझ्या स्वयंपाकघरात. कोमाद्रे, हा तुझा आहे असं सांग, एवढं म्हणायचंस. मी स्वतः उभी राहून सांगितलं असतं. गुडघ्यांचंही सांगितलं असतं, लोकांना पोटभर हसवलं असतं आणि घरी येऊन तुझ्याबरोबर मीही हसले असते."

मिग्दालियाने डोळे पुसले. आणि अगदी मनापासून, खरंच न कळून, तिने विचारलं, "मग फरक काय पडला? शेवटी झालं तर तेच ना?"

नेरेईदाने कागद घेतला, थर्मास उचलून मिग्दालियाच्या हातात परत दिला आणि दार लावून घेतलं. मग दाराला पाठ टेकून ती उभी राहिली. पलीकडे मिग्दालियाही उभी होती. तिची पावलं परत जाताना ऐकू यायला पुष्कळ वेळ लागला.

ओदालिसचा फोन आला तेव्हा अंधार पडत होता. "मामी, बोजा उतरला का?"

"उतरला."

"बघ, तू उगाच घाबरत होतीस. माद्रिना असताना काय काळजी? तिलाही घेऊन ये ना आठवडाभर. तुझ्या खोल्या तिनेच आधी बघायला हव्यात."

नेरेईदाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला नाही जमायचं गं," ती म्हणाली. "सोसायटीचं सगळं तिच्यावर असतं."